चार दिवसांचा परदेश आणि सात किलोंची बॅग

आमच्या शेजारच्या काकू एका संध्याकाळी साड्यांचा गठ्ठा घेऊनच घरी आल्या. मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्यानं आईवडिलांना पाच दिवसांसाठी बोलावलं होतं, तिकिटंही काढली होती. गोष्ट आनंदाची, पण काकूंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही जाऊन आलात म्हणून विचारते. मी काही जात नाही बघा. सूनबाई म्हणती, पँट घाला. आता साठीला आल्यावर मी पँट घालू? अन् लुगडं नेसून गेले तर चारचौघांत पोराला लाज वाटंल."

मंडळी, मुखेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. देगलूरमार्गे गाडी काढली की विमानतळ गाठता येतं आणि तिथून सिंगापूर, दुबई, बँकॉक ही शहरं काही तासांवर आली आहेत. त्यामुळे आपल्याकडूनही माणसं चार-पाच दिवसांसाठी परदेश पाहून येतात. त्यांच्याशी बोलताना मला जाणवतं, की विमानाची भीती थोडी असते. कपड्यांची मात्र फार.

या भीतीपोटी आपण काय करतो? कपाट रिकामं करतो. पहिल्या खेपेला मी चार दिवसांसाठी नऊ साड्या नेल्या होत्या. नेसल्या तीन. उरलेल्या सहा साड्यांनी फक्त माझा खांदा दुखवला. छान दिसायचं तर कपडे पुष्कळ हवेत, हा आपला गैरसमज आहे. कपडे थोडे पण एकमेकांशी जुळणारे, त्या गावच्या हवेला मानवणारे आणि आपल्या अंगवळणी पडलेले असावेत. एवढं साधलं की माणूस आपोआप नीटनेटका दिसतो.

म्हणून बॅग भरण्याआधी गाव कोणतं ते पाहावं. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी लागून आहे. तिथं वेगळा हिवाळा नाही. वर्षभर दमट उकाडा आणि पाऊस केव्हाही. पण मॉलमध्ये, मेट्रोत वातानुकूलन इतकं कडक, की घामेजलेल्या अंगाला हुडहुडी भरते. दुबईत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सुखद गारवा. शहराचे रिवाजही पाहावेत. बँकॉकच्या राजवाड्यात बिनबाह्यांचे कपडे आणि अर्ध्या चड्ड्या चालत नाहीत. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत स्त्रियांना डोकं, हात, पाय झाकावे लागतात. फाटकी जीन्स घालून गेलेली तरुण मंडळी अशा ठिकाणी दारातच अडतात. आपल्या ओढणीचं किंवा पदराचं काम तिथं कळतं.

आता हिशेब. पुरुषांनी एक काळी आणि एक करडी अशा दोन पँटी घ्याव्यात, आणि दोन्हींवर शोभतील असे तीन शर्ट. दोन गुणिले तीन, सहा जोड झाले. मुलींनी दोन सलवारी किंवा लेगिंग आणि तीन कुर्ते घेतले तरी तेच. अट एकच, वरचं प्रत्येक वस्त्र खालच्या प्रत्येक वस्त्रावर जुळलं पाहिजे. जे एकाच जोडीत चालतं ते घरी ठेवावं. कापडाचंही तसंच. निव्वळ सुती कापड घाम टिपतं पण चुरगळतं. निव्वळ कृत्रिम धाग्याचं चुरगळत नाही पण दमट हवेत अंगाला चिकटतं. प्रवासाला सुती मिश्रणाचं कापड बरं. रात्री धुऊन टाकलं की बहुधा सकाळपर्यंत वाळतं.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र या हिशेबात नव्हतं. पँट की लुगडं? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाची थंडी कडाक्याची. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. अंग झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्या नेसू लागल्या. १८८५ मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या विद्यार्थिनी आहेत. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्यांनी बदल केला तो हवेसाठी. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे.

हे काकूंना सांगितलं. म्हटलं, तुम्हाला पँट आवडत असेल तर खुशाल घाला, त्यात वावगं काही नाही. पण लाजेपोटी घालू नका. ज्या कपड्यात दहा वेळा स्वतःकडे बघावं लागतं, तो कपडा कितीही महागाचा असला तरी शोभत नाही.

मग आम्ही गठ्ठा सोडला. जरीच्या जड साड्या बाजूला काढल्या. दोन नारायणपेठी, एक इरकल आणि एक साधी फिकी साडी, अशा चार ठेवल्या. चारही साड्यांवर चालतील असे दोनच परकर, गडद रंगाचे. ब्लाउज मात्र तीन, कारण घाम. सरकत्या जिन्यात काठ अडकू नये म्हणून साडी दोन बोटं वर नेसायची आणि निऱ्यांना पिन लावायची. वातानुकूलनासाठी हिमरू शाल. वजनाला हलकी, आणि साध्या साडीवर टाकली की तीच साडी समारंभाची होते.

पादत्राणांत काटकसर करावी, पण नवी चप्पल नेऊ नये. अशा सहलीत दिवसभर पायपीट असते. महिनाभर आधी वापरून पायाला बसलेले मऊ बूट न्यावेत. मंदिरात काढघाल करायची तर बिनलेसचे बरे.

राहिलं भरणं. विमानात जवळ ठेवायच्या बॅगेला बऱ्याच कंपन्यांची मर्यादा सात किलोंची असते. तिकिटावर पाहून घ्यावी. जड वस्तू अंगावर घालूनच निघावं. कपडे घडी करण्याऐवजी गुंडाळले तर जागा वाचते आणि चुण्याही कमी पडतात. मोजे बुटांत कोंबावेत. तेलाची, शाम्पूची बाटली जवळच्या बॅगेत न्यायची तर १०० मिलिलीटरच्या आतली. मोठी बॅग सामानात दिली असेल तर एक पूर्ण जोड आणि औषधं जवळ ठेवावीत, कारण सामान कधी कधी मागून येतं.

काकूंची बॅग आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. साडेसहा किलो भरली. काका म्हणाले, "एवढ्यात भागंल?" काकू काही बोलल्या नाहीत.

पंधरवड्यानं त्या भेटल्या. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो दाखवला. इरकल, खांद्यावर हिमरू, पायात बूट, शेजारी मुलगा आणि सूनबाई. मी विचारलं, काही कमी तर पडलं नाही ना? काकू हसून म्हणाल्या, "कमी कशाचं, बाई? एक लुगडं तर न उघडताच परत आलं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)