आभासी संगणकातील यूएसबी साधने

नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडची ई-निविदा भरायची, तर कंत्राटदारापाशी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असावे लागते. दिसायला ते पेनड्राइव्हसारखे असले, तरी त्याचा धर्म वेगळा आहे. स्वाक्षरीची गुप्त किल्ली त्याच्या चिपमध्येच राहते, तिची प्रत बाहेर काढता येत नाही. अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली. मूळ संगणकावर लिनक्स आणि स्वाक्षरीची प्रणाली मात्र विंडोजच्या आभासी संगणकात, अशी मांडणी असेल, तर हे टोकन आत न्यावे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तराचे मूळ यूएसबीच्या रचनेत आहे. १९९६ साली या मानकाची पहिली आवृत्ती आली. त्यामागच्या इंटेलच्या चमूत भारतीय वंशाचे अजय भट प्रमुख होते. प्रत्येक साधनाला सात बिटांचा पत्ता मिळतो. शून्य हा पत्ता नवागतासाठी राखीव असल्याने एका नियंत्रकावर १२७ साधने मावतात. संवादाचा आरंभ नेहमी यजमान संगणक करतो, त्यामुळे साधनाचा ताबा एका वेळी एकाकडेच असू शकतो.

आभासीकरणाची आज्ञावली अतिथी प्रणालीला, म्हणजे आभासी संगणकातल्या प्रणालीला, एक कृत्रिम नियंत्रक दाखवते, खरे साधन यजमानाच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, हातून सोडवून घेते आणि दोन्ही बाजूंचे निरोप पोहोचवते. साधनाची ओळख उत्पादक क्रमांक व वस्तू क्रमांक यांवरून पटते. ड्रायव्हर अतिथी प्रणालीत बसवावा लागतो. यजमानात तो नसला तरी चालते.

बहुतेक अडचणी ताब्याच्या असतात. व्हर्च्युअलबॉक्स या आभासीकरणाच्या आज्ञावलीत यूएसबी २ व ३ चे नियंत्रक २०२२ च्या ७.० आवृत्तीपर्यंत वेगळ्या विस्तार-संचातून घ्यावे लागत. लिनक्सवर वापरकर्ता ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात असावा लागतो, आणि गटात घातल्यावर पुन्हा लॉगिन करणे लोक हमखास विसरतात. टोकनाच्या बाबतीत यजमानातील स्मार्टकार्डची सेवाच ते आधी धरून बसलेली असू शकते. ती थांबवली की टोकन मोकळे होते. मोबाइलची तऱ्हा निराळी: वापराची पद्धत बदलली की काही फोन वस्तू क्रमांकही बदलतात आणि नेमका क्रमांक पाहून साधन आपोआप जोडणारी गाळणी निष्फळ ठरते.

छपाईच्या धंद्यात याचा एक उपयोग विशेष आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही भारतीय लिपींची आज्ञावली वर्षानुवर्षे डोंगलच्या कुलपासह वापरली गेली. जुनी विंडोज आभासी संगणकात जपून हे डोंगल तिला जोडले, तर पूर्वीची पाने उघडण्याची आशा राहते. नुसत्या फायली हव्या असतील तर मात्र एवढा खटाटोप करू नये. सामायिक फोल्डर पुरतो.

एकेका साधनाऐवजी अख्खा नियंत्रकच अतिथीच्या स्वाधीन करता येतो. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा पाठिंबा लागतो. मोबदल्यात मध्यस्थ जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा मार्ग नेटवर्कचा, म्हणजे यूएसबी-आयपीचा. २०१४ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यात स्थिरावला. विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीला साधने देण्यासाठीही तोच योजतात. त्याच्या ३२४० क्रमांकाच्या पोर्टवरील माहितीला मुळात कूटबद्धतेचे संरक्षण नसते. म्हणून स्वाक्षरीचे टोकन या मार्गाने न्यायचे झाल्यास पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.