दार कुठलं, हेही विचारा!

कॉलेज फेस्टसाठी हॉल ठरवताना आपण काय बघतो? सीट्स किती, एसी चालतो का, पार्किंग आहे का आणि फोटो भारी येतील का. बरोबर ना? आज एक वेगळा प्रश्न घेऊन जरा लांब जाऊया. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला. (इंग्लंडमधलं नव्हे हं!) साधारण दोन लाख वस्तीचं हे शहर.

रील्ससाठी एक नंबर जागा म्हणजे स्लॉस फर्नेसेस. १८८२ मध्ये इथे लोखंड वितळायला लागलं. भट्ट्या कधीच विझल्या, आता त्याच गंजलेल्या पाइपांखाली कॉन्सर्ट होतात, लग्नंसुद्धा लागतात.

पुढचा स्टॉप लिरिक थिएटर, १९१४ सालचं. गोरे प्रेक्षक दर्शनी दाराने आत यायचे. कृष्णवर्णीयांना मात्र वेगळं दार आणि बसायला वरची बाल्कनी. २०१६ मध्ये थिएटर नव्याने सुरू झालं, तेव्हा ते दार बुजवून टाकणं सोपं होतं. पण त्यांनी ते इतिहासाची खूण म्हणून जपलं.

इथल्या म्युनिसिपल ऑडिटोरियमची गोष्ट तर अंगावर येते. १० एप्रिल १९५६. गायक नॅट किंग कोल स्टेजवर होता. समोर फक्त गोरे प्रेक्षक, कारण कृष्णवर्णीयांचा शो वेगळा! गाणं चालू असतानाच काही गोऱ्यांनी स्टेजवर चढून त्याच्यावर हल्ला केला. कोलचा जन्म याच अलाबामा राज्यातला. हे सभागृह आज बाउटवेल ऑडिटोरियम म्हणून ओळखलं जातं.

आणि सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. मे १९६३ मध्ये शाळकरी मुलं इथूनच वर्णभेदाविरुद्ध मोर्चाला निघाली होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, इथे बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. चर्च आजही उभं आहे, तिथे प्रार्थनाही होते.

शेवटी रिकवुड फील्ड. १९१० पासूनचं बेसबॉलचं मैदान. कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक बॅरन्स’ संघाकडून विली मेज इथे खेळायचा, तेव्हा तो शाळकरी पोरगाच होता. २० जून २०२४ ला मेजर लीगचा सामना पहिल्यांदा या मैदानावर झाला. मेज दोनच दिवस आधी गेला होता.

या शहराने लाज वाटावी असं बरंच पाडून टाकलं नाही, दाखवायला ठेवलं. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या जुन्या नाट्यगृहात किंवा टाऊन हॉलमध्ये गेलात, तर सेल्फी जरूर काढा. पण तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला एवढंही विचारा, ‘काका, पूर्वी इथे कोणाला येऊ द्यायचे? आणि कुठल्या दाराने?’