उत्सवातील जाहीर संवाद आणि श्रोत्याचा प्रश्न

प्रस्तावना

कलामहोत्सव, साहित्य संमेलने आणि स्मृतिसमारोह यांतून समाज व संस्कृती या विषयांवर होणारा जाहीर संवाद हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात रूढ झालेला प्रकार आहे. परिसंवाद, प्रकट मुलाखत, चर्चासत्र अशी त्याची परिचित रूपे. व्याख्यानात एक बोलतो व इतर ऐकतात. संवादात निदान दोघे बोलतात आणि तिसऱ्याला, म्हणजे श्रोत्याला, मध्ये प्रश्न घालण्याची मुभा असते, असे मानले जाते. ही मुभा प्रत्यक्षात कोणाला व कितपत मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा रोख मुख्यतः मराठवाड्यावर, आणि त्यातही युसूफ वडगाव ज्या केज तालुक्यात येते त्या केज-अंबाजोगाई परिसरावर आहे.

परंपरेतील प्रश्नोत्तर

लोकांसमोर प्रश्न विचारणे व त्याचे उत्तर मागणे मराठी समाजाला नवे नाही. कलगी-तुऱ्याच्या फडांत एका पक्षाने शिवाची तर दुसऱ्याने शक्तीची बाजू घ्यावी, एकाने कूट घालावे व दुसऱ्याने ते सोडवावे, आणि हा सामना रात्र सरेपर्यंत चालावा, अशी रीत होती. सत्यशोधक जलशांनी याच लोकनाट्याच्या घाटणीत भटशाही, सावकारी व अंधश्रद्धा यांवरील सवाल बसवले. कीर्तनाचे स्वरूप यापेक्षा वेगळे. तेथे बुवा स्वतःच शंका उपस्थित करतो आणि स्वतःच तिचे निरसन करतो. श्रोता डोलतो, टाळी देतो, परंतु उठून विचारत नाही. आजच्या अनेक परिसंवादांचे कूळ शोधू गेल्यास ते कलगी-तुऱ्यापेक्षा कीर्तनाशी जवळचे निघेल.

अर्थात फडातही प्रश्न करणारे शाहीरच असत. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वा बलुतेदाराला निवाड्याचा आनंद होता, सवालाचा हक्क नव्हता. हा हक्क आधुनिक सभेबरोबर आला, असे तत्त्वतः म्हणता येते. व्यवहारात तो सहजी कोणाच्या पदरात पडला नाही.

व्यासपीठ कोणाचे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ मध्ये रानडे व लोकहितवादी यांनी ग्रंथकार सभा भरवली. पुढच्या साहित्य संमेलनांचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले तेव्हा त्यांनी रानड्यांना पत्र लिहून येण्याचे नाकारले. शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आपल्या लोकांच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. मराठी व्यासपीठाच्या इतिहासातील हा पहिला ठळक नकार होय. विषय कोणता, यापेक्षा बोलावणारा कोण आणि बोलावला जाणारा कोणत्या नात्याने बसणार, हा प्रश्न फुल्यांनी आधीचा ठरवला.

पुढील शतकभराच्या घडामोडी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, यायला १९६१ साल उजाडले. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरवले. या मेळाव्याच्या नावातील 'वाचक' हा शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या मंडपात वाचक हा पाहुण्याइतकाच निमंत्रित असतो, तेथे त्याला प्रश्न विचारण्यासाठी कोणाची कृपा लागत नाही. १९९९ मध्ये धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली झालेले विद्रोही साहित्य संमेलन हे याच वाटेवरील पुढचे पाऊल होते.

मराठवाड्याचा अनुभव

निजामी राजवटीत या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई होती. अशा स्थितीत ग्रंथालय, शाळा, साहित्यविषयक बैठक आणि उत्सव यांना सभेचे काम करावे लागले. अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई. तेथील योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. शाळेच्या आवारातील बोलणे आणि स्वातंत्र्याविषयीचे बोलणे यांत तेव्हा फारसे अंतर उरले नव्हते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, तेही याच वातावरणात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सभेला परवानगीचा काच उरला नाही. परंतु ज्यांच्या आजोबांना बोलण्यासाठी आडोसा शोधावा लागला, त्या प्रदेशात संवादाला केवळ करमणूक समजणे हे इतिहास विसरण्यासारखे आहे.

मुकुंदराज व दासोपंत यांच्या या नगरीत १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव चव्हाण यांचे निधन झाले. त्यानंतर भगवानराव लोमटे यांच्या पुढाकाराने अंबाजोगाईत त्यांच्या नावाचा स्मृतिसमारोह सुरू झाला. पुण्यतिथीला धरून होणाऱ्या या समारोहात शास्त्रीय संगीत, कविसंमेलन आणि शेतकरी परिषद एकाच मांडवाखाली येतात. ख्याल ऐकायला आलेल्या श्रोत्याच्या कानावर पीकपाण्याची चर्चाही पडावी, ही योजना मोठ्या शहरांतील महोत्सवांतही सहसा आढळत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जोडून 'अंतरंग' या नावाने कलावंतांशी संवाद होतात. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवात डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत लेखक बोलतात. तेथील श्रोता बहुधा त्या कलेचा जाणकार असतो. अंबाजोगाईत जाणकार आणि अजाण एका सतरंजीवर बसतात.

चव्हाणांचे नाव या संदर्भात आणखी एका कारणाने घ्यावे लागते. १९७५ च्या कराड संमेलनाचे ते स्वागताध्यक्ष होते आणि त्याच वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्रीही होते. त्याच व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. यजमान सत्तेतला असतानाही व्यासपीठ सत्तेचे राहिले नाही, याचे हे उदाहरण. याच्या उलट उदाहरण २०१९ च्या यवतमाळ संमेलनाचे. तेथे उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले, अनेक निमंत्रितांनी बहिष्कार टाकला आणि अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी या प्रकारावर भाषणातून टीका केली. उद्घाटन अखेर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. एका लेखिकेचा आवाज बंद झाल्यामुळे एका शेतकरी स्त्रीला बोलायला मिळाले. दोघींना एकाच मंचावर समोरासमोर बसवावे, हे मात्र कोणाला सुचले नाही.

परिसंवादाची बांधणी

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रकाराशी थेट संबंध येतो, कारण जिल्ह्यातील बहुतेक समारोहांना सूत्रसंचालक, मुलाखतकार आणि परिसंवादाचे वक्ते मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांतूनच पुरवले जातात. परिसंवादात अध्यक्ष धरून पाच-सहा जण, प्रत्येकाच्या हाती लिहून आणलेला निबंध, आरंभी सत्कार व हारतुरे, आणि शेवटी 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द' ही घोषणा, हा क्रम कोणाही अनुभवी माणसाला ठाऊक आहे. वेळ कमी पडते ती नेहमी श्रोत्याचीच. सत्काराची कधी पडत नाही. प्रकट मुलाखतीत दोष निराळा. मुलाखतकार प्रश्नाऐवजी गौरवपर परिच्छेद बोलतो आणि पाहुण्याला केवळ होकार भरणे उरते. चांगला मुलाखतकार पाहुण्याचे लेखन वाचून येतो, छोटे प्रश्न करतो, आणि उत्तर अडखळले तर ती शांतता भरून काढण्याची घाई करीत नाही.

श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागवण्याच्या पद्धतीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ध्वनिक्षेपक हाती घेऊन गावासमोर उभे राहण्याचे धाडस मुलींना, नव्या विद्यार्थ्यांना होत नाही. चिठ्ठीवर ते विचारू शकतात. जात, हुंडा, बालविवाह यांसारखे प्रश्न नाव न लावता पुढे येतात. पण चिठ्ठी संयोजकाच्या हातून जाते, आणि अडचणीची चिठ्ठी खिशात राहते. शिवाय ज्याला लिहिता येत नाही तो या व्यवस्थेत मुळातच नाही. म्हणून चिठ्ठी आणि फिरता ध्वनिक्षेपक दोन्ही ठेवणे, तसेच प्रश्न ज्या बोलीत आला त्याच बोलीत तो वाचून दाखवणे, या बाबी क्षुल्लक वाटल्या तरी परिणामकारक ठरतात. मराठवाडी बोलीतील धारदार सवाल 'शुद्ध' करून वाचला की त्याची धार जाते.

श्रोता गावात केव्हा असतो

याहून कठीण प्रश्न दिनदर्शिकेचा आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात केज तालुक्यासह जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. स्मृतिसमारोह नोव्हेंबरअखेरचे, संमेलने बहुधा थंडीतली. ग्रामीण जीवनावरील परिसंवाद भरतो त्या दिवशी त्या जीवनातला मोठा वर्ग कोपीत राहत असतो आणि पहाटे कोयता घेऊन निघालेला असतो. पुण्यतिथीची तारीख बदलता येत नाही, हे खरे. पण सगळेच कार्यक्रम पुण्यतिथीचे नसतात.

ही कुटुंबे गावी परततात ती चैत्र-वैशाखात, गावोगावच्या यात्रा आणि हरिनाम सप्ताह यांच्या दिवसांत. रानड्यांच्या वसंत व्याख्यानमालेचा काळही एप्रिल-मेचाच आहे. पुण्यातील शाळा, महाविद्यालये व न्यायालये यांच्या उन्हाळी सुटीशी तो जुळतो, आणि पेशाने शिक्षक, वकील वा विद्यार्थी असलेला त्या मालेचा श्रोता नेमका त्याच दिवसांत मोकळा असे.