भार पेलणारे पाणी

गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव. संध्याकाळी एम. आर. हायस्कूलच्या मैदानाकडे जा. भरधाव धावणारा खेळाडू एका पायावर गर्रकन वळतो आणि चेंडू मारतो. त्या क्षणी त्याच्या गुडघ्यात काय चालले असेल?

आपण नुसते सपाटीवर चाललो, तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम असेल, तर ९० ते १३५ किलोग्रॅम! वजनाहून भार जास्त कसा? तरफेचा नियम आठवा. स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतात, म्हणून त्यांना फार जोर लावावा लागतो आणि तो जोरही सांध्यावरच दाबला जातो.

एवढ्या भाराखाली हाडावर हाड घासले, तर दोन्ही झिजून जातील. म्हणून हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. गुडघ्यात त्याची जाडी अवघी काही मिलिमीटर. तेल लावलेल्या पोलादावर पोलाद घासले, तर घर्षणगुणांक सुमारे ०.१ येतो; निरोगी सांध्यात तो ०.०१ किंवा त्याहूनही कमी असतो. आम्हा भौतिकीवाल्यांना हेवा वाटावा असाच हा आकडा आहे.

हे साधते कसे? घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, 'गुडघ्यातले वंगण संपले.' सांध्यात वंगणासारखा चिकट द्रव असतो हे खरे. पण मोठ्या गुडघ्यातही तो चमचाभरच. खरी किमया कूर्चेच्या आत आहे. कूर्चेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. तिच्यातील काही रेणू ऋणभारित असून ते पाणी खेचून धरतात आणि कोलॅजेनचे चिवट तंतू तिला फुगून फाटू देत नाहीत. भार पडला की हे पाणी बाहेर निसटू पाहते. पण वाटा इतक्या सूक्ष्म, की ते पटकन निघू शकत नाही. मग दाब पाण्यावरच येतो आणि भाराचा मोठा वाटा पाणीच पेलते. घनभागाला घासावे लागते ते फार थोडे.

चार्ल्स मॅकचेन या भौतिकशास्त्रज्ञाने १९५९ साली ही कल्पना मांडली. प्राण्याच्या सांध्यातील कूर्चा काचेवर दाबून घासली, तर आरंभी घर्षण अत्यल्प असे. भार तसाच ठेवला की पाणी झिरपून जाई आणि घर्षण वाढे. क्षणभर भार काढला, की कूर्चा पुन्हा पाणी शोषून घेई!

या दाबण्या-सोडण्यावरच कूर्चेचे पोषणही चालते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या द्रवातून जे आत झिरपेल तेच तिचे अन्न. पण रक्त नाही म्हणून जखमही भरत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही, हे विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच नोंदवले होते. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी स्वतः दुखून सांगत नाही.

गुडघ्यात याखेरीज चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. पाऊल जमिनीत रुतलेले आणि मांडी वळलेली, अशा वेळी त्या फाटू शकतात. खेळताना गुडघा मुरगळून सुजला, अडकला, तर जोरात चोळून पुन्हा मैदानात उतरणे हा शुद्ध वेडेपणा. फाटलेली गादी आतल्या अस्तरालाही खाऊ लागते. डॉक्टरांना दाखवा. पुढे धातू-प्लॅस्टिकचा सांधा बसवता येतो. पण तो झिजला तर झिजलाच, त्याला पोसणारे काही नाही.

पाणी झिरपण्याचा हा खेळ तुम्हाला घरी मोजता येईल. मणक्यांमधील चकत्याही अशाच पाणीदार असतात. दिवसभराच्या भाराने त्या किंचित दबतात आणि रात्री पुन्हा फुगतात. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला पाठ लावून उभे राहा, डोक्यावर गुण्या टेकवून मित्राकडून खूण करून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मोजा. सुमारे एक सेंटिमीटरचा फरक सापडेल. आठवडाभर नोंदी ठेवा आणि रविवारच्या सुटीत आकडा बदलतो का, तेही पाहा.