वीजबिल का फुगले? आधी कारण शोधू, मग दाद मागू

महिन्याचे रेशन, मुलांची फी, घरभाडे आणि दवाखाना हा खर्च साधारण ठरलेला असतो. गृहिणी पै-पैचा मेळ घालते आणि कसाबसा महिना काढते. अशा वेळी दारात वीजबिल येऊन पडते आणि सारा हिशेब कोलमडतो. मागच्या महिन्यात सातशे आले, या महिन्यात अडीच हजार! मग घरात आरोप-प्रत्यारोप सुरू होतात. सासू म्हणते, सूनबाई दिवसभर टीव्ही लावून बसते. वडील म्हणतात, पोरं रात्री-बेरात्री दिवे जाळतात. शेजाऱ्याने तार टाकल्याचा संशय येतो तो वेगळाच. आणि या सगळ्यात पहिली काटकसर होते ती बहुधा मुलांच्या अभ्यासाच्या दिव्यावर. ही काटकसर किती चुकीची आहे, ते पुढे आकड्यांनिशी दाखवू.

क्रांती चौक म्हटले की मोर्चे, धरणे, निदर्शने आठवतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन प्रथम याच चौकात येतो. आम्हीही अनेकदा आलो, पुढेही येऊ. परंतु या भागातील वस्त्यांमधून लोकांची बिले तपासताना आम्हाला एक गोष्ट कळून चुकली. कारण ठाऊक नसताना केलेली तक्रार टिकत नाही. ‘बिल जास्त आले’ एवढे म्हणून भागत नाही. ‘अमुक कारणाने जास्त आले’ असे सांगता आले पाहिजे.

२०२० सालचा धडा

राज्यातील सर्वांना आठवत असेल असे उदाहरण २०२० सालचे आहे. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षी मार्च महिन्याच्या अखेरीस मीटरचे रीडिंग घेणे थांबले. महावितरणने एप्रिल-मेची बिले सरासरीने दिली. ही सरासरी डिसेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांची होती. प्रत्यक्षात त्या काळात उन्हाळा होता, माणसे चोवीस तास घरात होती आणि पंखे-कूलर सतत चालू होते. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. जूनमध्ये रीडिंग सुरू झाले तेव्हा राहिलेला सारा वापर एकाच बिलात आला. रोजगार बुडालेल्या माणसाच्या हातात हजारोंचे बिल पडले. राज्यभर संताप उसळला आणि बिलांच्या होळ्या झाल्या. पुढे तीन हप्त्यांची सोय आणि एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट जाहीर झाली.

त्या वेळी खरा प्रश्न युनिट तीन महिन्यांत नीट विभागले की नाही हा होता. समजा तीन महिन्यांत ४५० युनिट वापरले. महिन्याला १५० पडले, तर दरमहा १०० युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात आणि ५० दुसऱ्या टप्प्यात जातात. म्हणजे एकूण ३०० स्वस्त आणि १५० मध्यम दराने. पण हेच ४५० युनिट एका महिन्याचे धरले तर फक्त १०० स्वस्त, २०० मध्यम आणि १५० त्याहून महाग टप्प्यात जातात. वीज तेवढीच, पैसे मात्र कितीतरी जास्त. हा हिशेब ज्याला मांडता येतो, तो खिडकीपाशी उभा राहून बोलू शकतो. हे केवळ २०२० पुरते नाही. दार बंद असल्याने एखादे रीडिंग चुकले, तरी पुढच्या महिन्यात असेच होते.

प्रथम बिल वाचा

बहुतेक लोक बिलावरील दोनच गोष्टी पाहतात, रक्कम आणि शेवटची तारीख. त्याऐवजी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

१) बिलावरील मीटर क्रमांक आणि भिंतीवरील मीटरचा क्रमांक एकच आहे का? एका फळीवर चार-सहा मीटर असतील तर अदलाबदल होऊ शकते.

२) चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. तेवढेच युनिट लावले आहेत का? आज मीटरवर दिसणारा आकडा बिलावरील चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर रीडिंग चुकले हे उघड आहे. ताबडतोब मीटरचा फोटो काढून ठेवा.

३) बिल किती दिवसांचे आहे? ३० दिवसांऐवजी ३८ दिवसांचे असेल तर युनिट वाढणारच.

४) बिल प्रत्यक्ष रीडिंगचे आहे की सरासरीचे? मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ताही बिलावर असतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मेची तुलना जानेवारीशी करून उपयोग नाही.

५) युनिट तेवढेच असून रक्कम वाढली आहे का? मग दरवाढ, थकबाकी, इंधन समायोजन आकार किंवा वर्ग बदलून घरगुतीचा व्यापारी झाला, यांपैकी एखादे कारण असते. स्थिर आकार वीज न वापरताही द्यावा लागतो. इतर आकारांवर १६ टक्के वीज शुल्क लागते तेही ध्यानात ठेवावे.

आमच्या अनुभवात कित्येक गाऱ्हाण्यांचा उलगडा या पाच प्रश्नांतच होतो.

मग मीटरला विचारा

युनिट खरोखरच वाढले असतील तर मीटरपाशी जावे. जुन्या मीटरमध्ये चकती फिरायची. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. अनेक मीटरवर तो ३२०० असतो. अशा मीटरवर घरातील सर्व बंद करून एक हजार वॅटची एकच वस्तू चालवली, तर दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेजप्रमाणे थोडा फरक पडेल. पण ५३ च्या जागी ८० किंवा १०० मोजले गेले, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करण्यास आधार मिळाला असे समजावे.

दुसरी कसोटी त्याहून सोपी आहे. घरातील एकूण एक बटण बंद करा, फ्रीजचा प्लग काढा, सेट-टॉप बॉक्स आणि चार्जरही काढा. आता दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर घरात कोणी वापरत नसलेली वीज तुमच्या मीटरमधून जात आहे. एकेक स्विच चालू-बंद करीत गेले की दोष कोणत्या खोलीच्या वायरिंगमध्ये आहे ते कळते.

दोन भावांची गोष्ट

क्रांती चौकापासून जवळच्याच एका वस्तीतील हकीकत आहे. दोन भावांनी वडिलोपार्जित घर वाटून घेतले होते. थोरला खाली, धाकटा वर. वरच्यासाठी वेगळे मीटर घेतले. पुढच्या बिलापासून खालच्या घराचा वापर १०० युनिटच्या आसपासहून अडीचशेच्या पुढे गेला. थोरल्याची खात्री झाली की धाकट्याने आपल्या मीटरवरून तार ओढली. बोलणे बंद झाले. बिल थकले, वीज तोडण्याची नोटीस आली. थोरल्याची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. रात्री दहानंतर दिवा लावायचा नाही, असा घरात नियम झाला.

एका रविवारी आम्ही दोघा-तिघांनी परवानाधारक वायरमन बरोबर घेऊन तपासणी केली. खालच्या घरातील सर्व एमसीबी पाडल्या, तरी मीटरचा दिवा लुकलुकतच होता. थोरला म्हणाला, “बघा साहेब, मी सांगत नव्हतो?” मग वरच्या घरातील वहिनींना इस्त्री आणि फ्रीज बंद करायला सांगितले. दिवा थांबला. चोरी पकडली गेली असेच सर्वांना वाटले. पण वायरमनने वरचे मीटर पाहिले. इस्त्री लावताच तेही तितक्याच वेगाने पळत होते. म्हणजे धाकटा आपल्या विजेचे पूर्ण पैसे भरतच होता!

मग हे झाले कसे? वाटणीच्या वेळी ज्याने वायरिंग केले त्याने वरच्या मजल्याचा फेज नव्या मीटरवरून घेतला, पण न्यूट्रलची तार मात्र खालच्या घराच्या जुन्या न्यूट्रलला जोडून टाकली. आताची बरीच मीटर चोरी टाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्याचा आकार लावतात. वरच्या घराचा प्रवाह जाताना वरच्या मीटरमधून जात होता आणि परतताना खालच्या मीटरमधून येत होता. एकच वीज दोन मीटरवर मोजली जात होती. चोर कोणीच नव्हता. फूट-दीड फूट तारेने दोन सख्ख्या भावांत भिंत उभी केली होती.

न्यूट्रल वेगळी केली आणि पुढच्या बिलात खालचा वापर पुन्हा शंभरीच्या जवळ आला. आधीचे पैसे काही परत मिळाले नाहीत, कारण मीटरच्या पुढील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते. थकबाकी हप्त्यांनी फेडावी लागली. तिचा निम्मा भार धाकट्याने न मागता उचलला, हे नमूद केले पाहिजे.

वाचकहो, घर वाटताना, खोली भाड्याने देताना किंवा नवे मीटर घेताना फेजबरोबर न्यूट्रलही वेगळी आहे का, हे जरूर पाहून घ्या. काही मीटरवर ‘ई.एल.’ असा आणखी एक दिवा असतो. तो सतत लागलेला असेल तर न्यूट्रलची सरमिसळ किंवा जमिनीत वीज उतरणे, यांपैकी काहीतरी असते. ओल्या भिंतीतून वीज उतरत असेल तर तो बिलापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

कोण किती खाते?

वायरिंग आणि मीटर निर्दोष निघाले, तर मग घरातील वस्तूंचा हिशेब मांडावा. वॅटला तासांनी गुणून हजाराने भागले की युनिट निघतात.

दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. पाणी तापवायचा पंधराशे वॅटचा रॉड चाळीस मिनिटांत तेवढेच घेतो. दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. फ्रीजच्या दाराचे रबर सैल झाले तर तो थांबतच नाही. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर बदला.

आणि अभ्यासाचा दिवा? नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज चार तास जळाला तर महिन्याला जेमतेम एक युनिट होते. मुलीला रात्री दहाला दिवा मालवायला सांगून आपण महिन्यात एक युनिटही वाचवीत नाही. जे वाया जाते ते दुसरीकडेच.

आपल्या शहरात आणखी एक गुपचूप खाणारा आहे, तो म्हणजे पाण्याची मोटार. जायकवाडीचे पाणी कितीतरी वर्षे आपल्याकडे काही दिवसांआड येत आले. म्हणून घरोघर हौद, गच्चीवर टाकी आणि वर पाणी चढवायला मोटार. एक अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे एक युनिट घेते. टाकीचा फ्लोट बिघडला, संडासातील फ्लश गळू लागला, की चढवलेले पाणी वाहून जाते आणि मोटार पुन्हा सुरू करावी लागते. फ्लशच्या टाकीत थोडी शाई टाकून पाहा. फ्लश न ओढता भांड्यात रंग उतरला, तर गळती आहे. पाणीही गेले आणि वीजही.

कायदा काय म्हणतो?

इतके पाहूनही बिल चुकीचेच वाटत असेल तर लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. १९१२ या क्रमांकावर तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. बिल वादग्रस्त असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची बाकी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नसेल तर तीही वसूल करता येत नाही. तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे नेता येते.

म्हणून जुनी बिले आणि पावत्या फेकू नका. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. आपल्या शहरात मे २०११ ते नोव्हेंबर २०१४ या काळात वीज वितरण जीटीएल या खासगी कंपनीकडे होते, नंतर ते पुन्हा महावितरणकडे आले. त्यामुळे घरातील पावत्यांवर निरनिराळी नावे आढळतील. जुन्या बाकीचा वाद निघाला तर त्याच पावत्या उपयोगी पडतात.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. मीटरचे सील कोणीही, कोणत्याही कारणाने तोडू नये. ‘मीटर स्लो करून देतो’ म्हणणारे वस्तीत फिरतात. त्यांना दारात उभे करू नका. तो गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा आपल्यालाच भोगावी लागते.

मजूर खात्याचे सदस्य असताना विजेचा विषयही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, हे त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. ती वीज आज आपल्या घरात आली आहे. तिचा हिशेब आपल्यालाच ठेवायचा आहे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा एका वहीत लिहून ठेवा. हे काम घरातील शाळकरी मुला-मुलींकडे द्या. तिला वजाबाकीचा सराव होईल आणि घराला पुरावा मिळेल. वस्तीत दहा घरांनी अशा वह्या ठेवल्या आणि महिन्यातून एकदा समाजमंदिरात बसून त्या ताडून पाहिल्या, तर चुकीचे बिल लपून राहणार नाही. शेजारच्या मावशींना बिल वाचता येत नसेल तर त्यांना वाचून दाखवा. या कामाला पैसा लागत नाही. थोडा वेळ आणि एक वही पुरते.