पुराच्या पाण्यातील शार्क

जुना कागद हाती आला की इतिहाससंशोधक लगेच मजकुरावर विश्वास टाकीत नाही. कागद अस्सल की नक्कल, नक्कल असल्यास कोणाच्या हातची आणि आजवर तो कोणाच्या दप्तरात होता, हे तो आधी पाहतो. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या छायाचित्रांच्या बाबतीत आपण मात्र हा क्रम सहसा उलटा लावतो. एका छायाचित्राची हकिकत त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

२०११ साली आयरीन वादळानंतर पोर्तो रिकोतील म्हणून एक चित्र जगभर फिरले. मोटारीच्या खिडकीतून दिसणारा जलमय रस्ता आणि शेजारून पोहत जाणारा शार्क मासा. (आपल्या कोळ्यांची मुशी त्याच कुळातली.) ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाने टेक्सासमधील ह्यूस्टन शहर बुडाले, तेव्हा तेच चित्र ह्यूस्टनचे म्हणून पुन्हा अवतरले. वादळ बदलले, गाव बदलले. मासा तोच राहिला.

त्या माशाचे मूळ दक्षिण आफ्रिकेत सापडते. थॉमस पेशाक या छायाचित्रकाराने २००३ साली तेथील समुद्रात पिवळ्या वल्हेहोडीतला एक संशोधक आणि त्याच्या मागे येणारा मोठा पांढरा शार्क टिपला होता. २००५ मध्ये ते छायाचित्र ‘आफ्रिका जिओग्राफिक’ मासिकात आले, आणि गंमत अशी की अनेकांनी ते बनावट ठरवले. ते अस्सल होते. खोटे होते ते त्यातून मासा कापून रस्त्यावर सोडणे.

हा माग काढण्यास आता साधने आहेत. चित्र संगणकाला दिले असता आकृतींच्या साम्यावरून तो जुन्या प्रती शोधतो. ‘टिनआय’सारख्या सेवेत त्या कालानुक्रमेही लावता येतात. अर्थात्, सापडलेली सर्वांत जुनी प्रत हीच मूळ प्रत असे मानता येत नाही. शिवाय शंभर ठिकाणी चित्र दिसले म्हणजे शंभर साक्षीदार मिळाले असे होत नाही. बहुधा त्या एकाच नकलेच्या शंभर नकला असतात. मूळ धारिकेत वेळेची, कधी स्थळाचीही नोंद असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून धाडलेल्या प्रतीत ती उरत नाही. म्हणून खरी चौकशी चित्रणकर्त्यापर्यंत जाऊन त्याची मूळ धारिका पाहण्यात आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे एका घराच्या अंगणातील पुरात शार्कसारखा मासा उसळताना दिसल्याची चित्रफीत आली. जाणत्यांना हसू आले : पुन्हा तोच शार्क! हा संशय अनुभवातून आलेला असला, तरी तोही न तपासताच दिलेला निवाडा होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चित्रण करणाऱ्याला गाठले, मूळ धारिकेतील नोंद तपासली. ती त्याच बुधवारच्या सकाळची निघाली. चित्रफीत खरी ठरली. तो शार्कच होता काय, यावर मात्र तज्ज्ञांचे एकमत झाले नाही.