दिवाळं कंपनीचं की आपलं?

मेसचं बिल थकलं की आपण सहज म्हणतो, "यार, माझं तर दिवाळंच निघालं!" पण कायद्यातलं दिवाळं वेगळं असतं. उद्या नोकरी किंवा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यायलाच हवं.

आधी कंपनीचं पाहू. २०१६ साली 'नादारी व दिवाळखोरी संहिता' आली. मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की कंपनीवरचे वसुलीचे दावे थांबतात. संचालकांचे अधिकार जातात आणि कारभार नेमलेल्या व्यावसायिकाकडे येतो. ३३० दिवसांत नवा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर मालमत्ता विकून देणी भागवायची.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. पैठण रस्त्यावरच्या चितेगावची व्हिडिओकॉन २०१८ मध्ये या वाटेने गेली. समूहातल्या १३ कंपन्यांची मान्य देणी ६४ हजार कोटींच्या वर, आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली ३ हजार कोटींच्याही आत! म्हणजे रुपयामागे पाच पैसेसुद्धा नाहीत. पुढे २०२२ मध्ये अपिलात ती मंजुरीही रद्द झाली.

अशा कंपनीत तुमचा पगार अडकला तर? वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. तिच्या मुदतीत दावा करावा लागतो. म्हणून नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

आता माणसाचं. संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाकीच्यांना जुना नादारी कायदा आणि दिवाणी न्यायालय. तिथे मालमत्ता विकून पैसे सावकारांत वाटले जातात. मात्र अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची बैलजोडी आणि अवजारं यांना हात लावता येत नाही.

खरी मेख आहे ती जामिनाच्या सहीत. 'लिमिटेड' कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान भांडवलापुरतं. जामीनदाराला मात्र घरदार विकून भरावं लागू शकतं. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

तेव्हा उद्या कंपनी जरूर काढा. पण कर्जाच्या कागदावर वडिलांची सही घेण्याआधी तो कागद त्यांना नीट वाचून दाखवा. दिवाळं कंपनीचं निघेल, पण बँक दार ठोठावेल ते गावाकडच्या घराचं!